खाचेतली गोलाई

गल्लीतल्या कुठल्या तरी अण्णांचा वाढदिवस आला की कार्यकर्ते व्हॉट्सअॅपवरचा अंगठ्याएवढा फोटो घेऊन यायचे आणि म्हणायचे, "वीस फुटी करा की ताई, त्यात काय हाय?" त्यात काय आहे हे भाग्यश्री आठ वर्षं सांगत आली होती आणि एकालाही ते पटलं नव्हतं. फोटो म्हणजे नुसते ठिपके, ताणले की विसकटतात. रेषेनं काढलेलं चित्र मात्र कितीही ताणा, तसूभर बिघडत नाही. त्यात असतात बिंदू, आणि बिंदूला चिकटलेला एक छोटा दांडा. तो दांडा किती लांब आणि कुठल्या दिशेला, यावर रेषेनं कसं वळायचं ते ठरतं. बी.एस्सी.ला असताना सर याला सदिश म्हणायचे आणि फळ्यावर बाण काढत बसायचे. हे बाण आयुष्यात कशाला लागणार म्हणून मागच्या बाकावर पोरी हसायच्या. त्यांत भाग्यश्रीही होती, आणि आता तिचं पोट त्याच बाणांवर चाललं होतं.

शिरोली एमआयडीसीच्या तोंडाला दादासोंचं दुकान होतं. पुढच्या खोलीत फ्लेक्स आणि रेडियमचं काम, मागच्या शेडमध्ये लोखंड कापायचं लेझर मशीन, आणि मधल्या काचेच्या केबिनमध्ये भाग्यश्री. मशीनला तिनं काढलेली रेषा तेवढी कळायची. दादासो तिच्या आईचे चुलतभाऊ, म्हणून मामा. पण तिची नोकरी टिकली होती ती हातातल्या सफाईवर. स्कॅनमधला डाग असो, झिजलेली कड असो की वाकडा कोपरा, ती बसून सगळं निस्तरायची. "आमच्या भाग्यश्रीच्या ड्रॉइंगवर माशी बसली तर घसरंल," असं दादासो गिऱ्हाइकांना सांगायचे. तिला ते आवडायचं. खोटं कशाला बोला, फार आवडायचं.

दिवाळी झाल्यावर एका फाउंड्रीतून केरबा आला. पन्नाशी ओलांडलेला, गडमुडशिंगीचा, अंगावर काळ्या मातीची पूड. त्यानं पोत्यात गुंडाळून एक जुनी लोखंडी पट्टी आणली होती. साच्याची पेटी क्रेननं उचलताना तिच्या खाचेत साखळी अडकवायची, एवढंच तिचं काम.

"हिचं ड्रॉइंग काय गावंना झालंय ताई. अशा बारा पायजेत," केरबा म्हणाला. "जशी हाय तशीच काढा बरं का. तीस वर्षं पेट्या उचलल्यात हिच्यावर, एकदा बी कुरकुरली न्हाय."

स्कॅनरची काच खराब होईल म्हणून त्यानं स्वतःच्या टॉवेलनं ती पट्टी दोनदा पुसली, मग काचेवर ठेवली. चहा पिऊन तो गेला आणि भाग्यश्री कामाला लागली.

खाचेचे आतले दोन्ही कोपरे गोल होते. फार नाही, हरभऱ्याच्या दाण्याएवढे. तिला वाटलं, तीस वर्षं साखळी घासून घासून झिजले असणार. आयुष्य अक्षरं आणि लोगो साफ करण्यात गेलेल्या माणसाला दुसरं काय वाटणार? तिनं पहिला बिंदू धरला, एक बटण दाबलं. दांडे गेले, गोलाई गेली, कोपरा काटकोनात आला. मग दुसरा कोपरा. सगळं मिळून चार-पाच सेकंदांचं काम. पट्टी पडद्यावर कशी छान दिसायला लागली!

आता यात मेख अशी, की ज्या कुणी ती पट्टी पहिल्यांदा घडवली त्यानं ती गोलाई मुद्दाम ठेवली होती. वजन पेलायचं तर लोखंडाला आत वळण लागतं. टोकदार कोपऱ्यावर सगळा ताण एका जागी येतो आणि रोजच्या उचलण्यानं तिथं केसाएवढी चीर सरकत जाते. फाउंड्रीतल्या कुठल्याही जुन्या मिस्त्रीनं हे सांगितलं असतं. पण तिनं कुणाला विचारलंच नाही. सफाईच्या भरात विचारायचं सुचत नाही, हा या धंद्यातला जुना रोग आहे.

बारा पट्ट्या न्यायला केरबा आला तेव्हा त्यानं एका खाचेत अंगठा फिरवून बघितला. "कोपरं जरा टोकदार झाल्यात काय ओ ताई?"

"नवीन हायत म्हणून काका. घासली की हुतील गोल," भाग्यश्री पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

"तुमी म्हणताय म्हंजे बरुबरच असणार," असं म्हणून तो हसला आणि पट्ट्या घेऊन गेला.

चार महिन्यांनी, मार्चमधल्या एका सकाळी, पेटी वर उचललेली असताना पट्टी तुटली. पेटी खाली आली, केरबा जागच्या जागी गेला. पेटीच्या दुसऱ्या बाजूला गणपतराव होता, त्याचा डावा पाय घोट्यावरून काढावा लागला. हे दोघं एकाच गल्लीतले, एकाच तालमीत वाढलेले, तीस वर्षं एका मोटरसायकलवरून कामाला जाणारे. फाउंड्रीनं संध्याकाळच्या आत कागद रंगवले : केरबानं घाईत साखळी तिरकी अडकवली, म्हणून अपघात झाला. मेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही, त्यामुळं असे कागद फार लवकर तयार होतात. गणपतरावानं दवाखान्यात पडल्या पडल्या ते खरं मानलं आणि जन्माच्या दोस्ताला शिव्या घातल्या.

चौथ्या दिवशी दादासो फाउंड्रीच्या भंगारातून आणलेला तुटका तुकडा घेऊन केबिनमध्ये आले. दार लावलं. तुकडा टेबलावर ठेवला. तो बरोबर कोपऱ्यातून फाटला होता.

"जुनं स्कॅन काढ," ते म्हणाले.

भाग्यश्रीनं काढलं. वर आपली रेषा ठेवली. हरभऱ्याएवढा फरक.

"मामा, मी..."

"गप. मला काय बी सांगू नगंस. कोपरं गोल कर, बारा नवीन काप. जुन्या मी गुपचूप बदलून आणतो, म्हंजे आणि कुणाचा जीव जायला नगं. आणि हे स्कॅन उडवून टाक."

"पण केरबाकाकांवर आळ आलाय मामा."

"मेलेल्याला काय फरक पडतुय? दुकानावर अकरा माणसं जगत्यात, त्यांच्याकडं बघ." दादासोंचा आवाज चढला होता, पण डोळे तिच्याकडं नव्हते. ते काही दुष्ट नव्हते, घाबरले होते, आणि घाबरलेला भला माणूस दुष्टाइतकंच काम करून जातो.

तिनं कोपरे गोल केले. बारा पट्ट्या कापल्या, जुन्या परत आल्या, भंगारात गेल्या. स्कॅन तेवढं तिच्यानं उडवलं गेलं नाही. पाच दिवस ती जेवत होती, झोपत होती, वाढदिवसाचे बोर्ड करत होती, आणि स्वतःची तिला इतकी शिसारी आली होती की आरशात बघून केस विंचरणं तिनं सोडून दिलं.

नवव्या दिवशी दुपारी वर्षाराणी आली. केरबाची एकुलती एक लेक, असेल चोवीस-पंचवीसची. श्रद्धांजलीचा बोर्ड करायचा होता. आबांचं इथं येणं-जाणं होतं म्हणून दुसरीकडं गेले नाही, असं म्हणाली. भाग्यश्रीला पाणी विचारायचंही सुचलं नाही.

फोटो कुणाच्या तरी लग्नातला होता, फेटा बांधलेला. मागची माणसं काढून नुसता चेहरा ठेवायचा, म्हणजे चेहऱ्याच्या कडेनं एकेक बिंदू देत जायचं. भाग्यश्री बिंदू देत निघाली. फेट्यावरून कपाळाकडं, कपाळावरून कानाकडं. कानाच्या पाळीला वळण द्यायला दांडा ओढावा लागला आणि ते वळण तिला दोनदा पुसून पुन्हा काढावं लागलं.

"खाली शोकाकुल म्हणून काय घालायचं?" तिनं कसंबसं विचारलं.

"नुसतं परिवार घाला."

"तालमीचं नाव?"

"न्हाय म्हणाल्यात. गणपतकाकाचा पाय गेलाय न्हवं, त्येच्या घरातली म्हणत्यात बोर्ड बी लावू दिणार न्हाय गल्लीत. तरी मी लावणार हाय. आबांचीच चूक म्हटल्यावर भांडू तरी कुणासंगट?" वर्षाराणी हे सांगताना पडद्यावरच्या कानाकडं बघत होती.

भाग्यश्रीनं माऊस सोडला.

"त्यांची चूक न्हाय," ती म्हणाली. "माझी हाय."

आणि तिनं सगळं सांगितलं. स्कॅन उघडलं, रेषा वर ठेवली, कोपरा मोठा केला, आणखी मोठा केला. केरबानं अंगठा फिरवून विचारलेलं सांगितलं, आणि त्याला दिलेलं उत्तरही सांगितलं. त्यातलं काही गाळलं असतं तर वर्षाराणीला कळणार नव्हतं. तिनं काहीही गाळलं नाही.

वर्षाराणी ओरडली नाही. तिनं पडद्यावरच्या त्या कोपऱ्यावर अंगठा फिरवला. मग म्हणाली, "मी त्यांच्या पाया पडले न्हाय ओ."

भाग्यश्रीला आधी कळलंच नाही.

"मयत उचलायच्या आधी सगळी पाया पडली. मला पड म्हणाले. मी म्हटलं, एवढी कसली घाई झालती तुमास्नी आबा, त्या माणसाचा पाय घालवलासा. सगळ्यांदेखत बोलले. आणि मागं सरकले." तिचा आवाज अगदी सपाट होता. "आता कुणाच्या पाया पडू, सांगा की."

भाग्यश्री खुर्चीतून उठली.

"गणपतकाकाम्होरं बोलशीला हे?" वर्षाराणीनं विचारलं.

"बोलते. आणि उद्या चौकीत बी बोलते."

तिनं स्कॅन आणि रेषा एकाच कागदावर, आहे त्याच मापात छापली. तिची रेषा लाल. दादासो शेडमधून धावत आले. तिच्या हातातला कागद बघून त्यांना सगळं उमगलं. "भाग्यश्री, पाय बाहेर टाकलास तर माझं दार बंद," ते म्हणाले. "व्हय मामा," ती म्हणाली आणि वर्षाराणीच्या स्कूटीवर मागं बसली. स्कूटी गडमुडशिंगीत गणपतरावाच्या दारात थांबली.

कालच दवाखान्यातून घरी आणलेला गणपतराव बाहेरच्या सोप्यात कॉटवर पडला होता. कमरेपासून खाली चादर होती, आणि एका बाजूला तिच्याखालचा उंचवटा लवकर संपत होता. केरबाची पोरगी दारात बघून त्यानं तोंड फिरवलं. वर्षाराणी उंबऱ्याच्या बाहेरच थांबली. आत भाग्यश्री एकटी गेली, जमिनीवर बसली आणि कागद त्याच्यासमोर धरून तिनं पहिल्यापासून सांगितलं.

सांगून झालं तरी तो कागद बघत होता. बिंदू, दांडा, रेषा, त्याला काय कळणार? पण खाच त्याला ओळखता आली. त्या खाचेत त्यानं स्वतः हजारदा साखळी अडकवली होती.

"ही लाल तुमची?"

"व्हय काका."

"कशानं काढली? हातानं?"

"न्हाय. एक बटण दाबलं."

"किती वेळा?"

"दोनदा."

गणपतराव उठून बसायला गेला, जमलं नाही, कोपरावर रेलला. "कुठल्या बोटानं?"

भाग्यश्रीनं उजव्या हाताचं पहिलं बोट पुढं केलं. तो मारेल, पिरगाळेल, थुंकेल, यातलं काहीही झालं असतं तरी ती हात मागं घेणार नव्हती.

गणपतरावानं बोटाला हात लावला नाही. त्यानं ते नुसतं बघितलं, नखापासून पेरापर्यंत, नीट. मग त्याचं तोंड वाकडं झालं, आणि सोप्यात, बायकापोरांसमोर, केरबाचं नाव घेऊन तो नऊ दिवसांत पहिल्यांदा रडला. भाग्यश्री बोट तसंच पुढं धरून बसून राहिली. ते खाली घे असं तिला कुणीही म्हणालं नाही.