डाव्या पायाची मांडी

संघर्षनं गाडी पाठवली, स्वतः आला नाही. जर्मनीत राहणाऱ्या मुलाला आईचं दुखणं फोनवर कळतं आणि त्यावरचा उपायही तो फोनवरूनच करतो. शोरूमचा माणूस एके दिवशी सुलतानपुरात घरासमोर गाडी उभी करून, चावी संघर्षच्या वडिलांच्या, भाऊरावांच्या हातात देऊन, पेढा खाऊन निघून गेला. बुटकी, राखाडी, नाकावर परदेशी बिल्ला असलेली गाडी. लांबीला बेताची, पण किमतीला आणि तोऱ्याला मोठी. इंजिनाची ताकद म्हणे चारही चाकांना पोचते, पावसात घसरत नाही, रुळावर चालल्यासारखी वळणं घेते. संघर्षनं फोनवर हे सगळं दोनदा सांगितलं. आईची तब्येत कशी आहे हे त्यानं एकदाच विचारलं.

गल्लीनं गाडी बघून घेतली. समोरच्या उकंडरावांनी तर आत बसून एकेक बटण विचारलं. सीट गरम करायचंही एक बटण आहे म्हटल्यावर त्यांना हसू आवरेना.

"भाऊराव, इथं उन्हाळ्यात लोक खाटेवर पाणी शिपडून झोपतेत, अन् तुमची गाडी बूड शेकून राह्यली!"

पण हसण्यावारी गेलेलं तेच बटण संघर्षच्या आईला, जनकाबाईंना धार्जिणं ठरलं. डायलिसिस करून आल्यावर त्यांना हुडहुडी भरायची, भर उन्हातसुद्धा. पुढच्या सीटवर बसवून लेकीनं, सुवर्णानं ते बटण दाबलं की पाठीखालून ऊब चढायची आणि त्यांचे दात वाजायचे थांबायचे. बाकी गाडीचं त्यांना काही कौतुक नव्हतं. सीट इतकी खाली की उतरताना भाऊरावांना त्यांना विहिरीतून काढल्यासारखं ओढून काढावं लागे.

जनकाबाईंची दोन्ही मूत्रपिंडं थकली त्याला वर्ष होत आलं होतं. बुधवारी आणि शनिवारी जालन्याला जायचं, चार तास मशीनला लावायचं आणि परत यायचं. हे सगळं सुवर्णाच्या अंगावर होतं. घटस्फोटानंतर ती माहेरीच राहत होती आणि लोणारच्या शाळेत शिकवत होती. पहाटे उठून आईचा बिनमिठाचा स्वयंपाक करायचा, मग शाळा. आईचे पाय रात्री वळायचे, तेव्हा उठून तेही चोळायचे. जालन्याच्या दिवशी रजा किंवा अर्धी रजा, आणि बुडालेले तास दुसऱ्या दिवशी भरून काढायचे. ती कुरकुर करत नसे. पण अलीकडे चहाचा कप हातात घेऊन ती उभ्या उभ्या गप्प व्हायची आणि चहा निवून जायचा. भाऊराव ते बघत होते. बघण्यापलीकडे आपल्या हातात काही नाही, हे त्यांना फार लागत होतं.

कारण भाऊराव ड्रायव्हर होते. साधेसुधे नव्हे. मेहकर आगारात त्यांनी सारी नोकरी एसटीचं स्टेअरिंग धरून काढली. घाट पाहिले, मुक्कामाच्या गाड्या पाहिल्या, आणि एक ओरखडाही न काढता निवृत्त झाले. आता सत्तरीला टेकले होते, तरी नजर साबूत होती, लायसन नवं करून घेतलेलं होतं. आणि हा माणूस लेकीच्या मागच्या सीटवर मधोमध बसून, दोन सीटांच्या फटीतून मान काढून नुसता रस्ता बघायचा.

बघता बघता त्यांना गाडीचा स्वभाव मात्र कळला. हळू असताना स्टेअरिंग लेकीच्या हातात लोण्यासारखं मऊ, वेग घेतला की आपोआप जड. बारीक खड्ड्यावरून जाताना धाडकन आवाज करणार, कारण टायर पातळ आणि स्प्रिंगा कडक. पण वळणावर अंग टाकत नाही. एसटी वळणावर कशी आधी कलंडल्याचं नाटक करते, मग वळते. ही सरळ वळते. पावसात एकदा दुसरबीडजवळ रस्ता चिखलानं माखलेला होता, तिथं पुढची चाकं निसटताहेत असं वाटेस्तोवर मागच्यांनी जमीन धरलेली होती. भाऊरावांच्या बुडाला ते आधी समजलं. "चारी चाकं इमानदार हायेत," एवढंच ते म्हणाले.

त्यानंतरच्या शनिवारी परतताना किनगाव राजाच्या पुढे रस्ता सरळ आणि मोकळा होता, ऊन कललं होतं. जनकाबाई गरम सीटवर डोळे मिटून पडल्या होत्या. गाडी हळूहळू उजवीकडे, पांढरी रेघ ओलांडून जाऊ लागली. समोरून ट्रक येत होता. भाऊराव ओरडणार तेवढ्यात स्टेअरिंग थरथरलं, आपल्या आपण डावीकडे वळलं आणि गाडी रेघेच्या आत आली. ट्रक भोंगा वाजवत निघून गेला. समोरच्या पडद्यावर कपाचं चित्र पेटलं.

सुवर्णानं गाडी कडेला घेतली.

"काय झालं वं?" भाऊरावांनी विचारलं.

"झोपले होते बाबा," ती म्हणाली. "गाडीनं वळवली. मी नाही."

"अन् हा कप?"

"थांब, चहा पी, असं सांगते ती. गेल्या महिन्यापासून सांगून राह्यली." आणि ती स्टेअरिंगवर डोकं टेकून रडली. रडायलाही तिच्यात फारसा जोर नव्हता.

पोरीला झोप लागतेय हे महिनाभर त्या यंत्राला कळत होतं आणि पाठीमागे बसलेल्या बापाला नाही. भाऊरावांना त्या यंत्राचा राग आला, आणि संघर्षचाही. मग राग धरायचीही शक्ती उरली नाही. पुन्हा एकदा असंच झालं आणि गाडीनं वळवली नाही, तर घरात कोण उरेल, एवढाच विचार त्यांच्या डोक्यात घोळत राहिला.

ड्रायव्हर ठेवून बघितला नव्हता असं नाही. उकंडरावांचा पोरगा दीपक दोनदा आला होता. त्याच्या हाती अशी गाडी म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. अॅक्सिलेटर नुसता दाबला की ही पुढे झेप घेते, हे त्याला फार आवडलं. जनकाबाईंना सिंदखेडराजापर्यंत दोनदा उलटी झाली. त्यांनी सांगून टाकलं की त्या पोरासंग मले पाठवाचं नाई.

"मी चालवतो," रविवारी सकाळी भाऊराव म्हणाले.

"बाबा, ही ऑटोमॅटिक आहे."

"मंग? मले शिकव."

दोघं गावातल्या शाळेच्या मैदानावर गेले. भाऊराव स्टेअरिंगवर बसले, आरसे नीट केले, बेल्ट लावला आणि एकदा कपाळाला हात लावून जय भीम म्हटलं. ड्युटीवर ते नेहमी असंच निघायचे. सुवर्णा शेजारी बसली. गाडी निघाली ती इतकी मऊ, की भाऊरावांच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी हसू आलं. मैदानाच्या टोकाला वळायचं होतं. वेग कमी करायचा, गिअर उतरवायचा. डावा पाय उठला आणि क्लच दाबायला म्हणून पूर्ण ताकदीनं खाली गेला.

क्लच नव्हताच. तिथं ब्रेकची रुंद पट्टी होती. एसटीचा क्लच दाबायला लागतो तेवढ्या जोरानं त्यांनी ब्रेक दाबला. गाडी भिंतीवर आदळल्यासारखी जागच्या जागी थांबली, बेल्ट सुवर्णाच्या छातीत रुतला.

"क्लच नाही बाबा. डावा पाय वापरायचाच नाही."

"हाव, हाव. ध्यानात आलं."

ध्यानात आलं होतं ते डोक्याच्या. पायाला कोण सांगणार? दुसऱ्या फेरीत पुन्हा तेच, तिसऱ्या फेरीत पुन्हा तेच. ज्या पायानं जन्मभर पोट भरलं, तो आता ऐकायला तयार नव्हता. चौथ्यांदा सुवर्णाचं कपाळ समोर आपटता आपटता राहिलं. भाऊराव उतरले आणि मैदानातून पायी घराकडे चालू लागले. लेक मागून गाडी घेऊन हळूहळू येत होती. त्यांनी वळून पाहिलं नाही.

दुपारी ते जेवले नाहीत. जनकाबाई खाटेवर पडून सगळं ऐकत होत्या. पाणीसुद्धा मोजून पिणाऱ्या त्या बाईनं वाटीतला घोट संपवला आणि म्हणाल्या, "एवढं काऊन मनाले लावून घेता? पाय ऐकत नाई तं त्याले उचलून वर ठेवा."

"वर कुठं ठेवू, डोक्यावर?"

"मांडी घाला ना. जेवाले बसता तशी. एकच पाय मोडून बसा. बुडाखाली दाबलेला पाय कायले दाबीन बिरीक?"

भाऊराव आधी चिडले. परदेशी गाडीत मांडी घालून बसायचं म्हणजे लोक काय म्हणतील? मग त्यांना शनिवारचा ट्रक आठवला आणि ते उठले.

त्या सीटला दोन्ही बाजूंनी उंचवटे होते, वेगात वळताना माणूस हलू नये म्हणून केलेले. जर्मन माणसानं तिथं मांडीचा विचार काही केलेला नव्हता. पण भाऊराव अंगानं काडी. डावी चप्पल काढली, पाय मोडून उजव्या मांडीखाली खुपसला, गुडघा स्टेअरिंगला लागू नये म्हणून सीट मागे घेतली. उजवा पाय मोकळा. आणि गाडी चालली. वळणाशी मांडीखालचा पाय वळवळायचा, पण दाबायला त्याला काही मिळायचं नाही. सोमवारी, मंगळवारी संध्याकाळी ते लोणारपर्यंत जाऊन आले. उकंडराव ओट्यावरून ओरडले, "भाऊराव, पंगतीले बसले का?" भाऊरावांनी हात केला आणि पुढे गेले.

बुधवारी तेच स्टेअरिंगवर बसले. सुवर्णा म्हणाली, मी येतेच सोबत. मागे बसली तरी तिची नजर बापाच्या गुडघ्यावर आणि रस्त्यावर होती. बिबीच्या पुढे उसाची ट्रॉली इशारा न करता वळली. सुवर्णाच्या तोंडून "बाबा!" निघालं. भाऊरावांचा डावा पाय मांडीखाली साप तुडवल्यासारखा उसळला आणि तिथंच अडकला. उजव्या पायानं ब्रेक हलकेच दाबला. गाडी मान खाली घालून थांबली, ट्रॉली गेली. जनकाबाईंनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. तेव्हा सुवर्णा पहिल्यांदा मागे टेकून बसली.

जालन्याला मशीनजवळचे चार तास ती नेहमीसारखी जागीच होती. परतताना मात्र शहर सुटलं न सुटलं तोच तिची मान पडली. रस्त्याच्या प्रत्येक धक्क्याला डोकं काचेवर आपटत होतं, तरी तिला जाग नव्हती.

"थांबवा गाडी," जनकाबाई म्हणाल्या. त्यांना हुडहुडी भरलेली होती.

"काय झालं? मळमळते का?"

"मले मागं बसवा."

"तिकडं सीट गरम नाई होत, जनका."

"बसवा म्हटलं ना."

भाऊरावांनी त्यांना पुढून ओढून काढलं आणि मागे नेऊन बसवलं. मशीनच्या सुईचा हात पट्टी बांधलेला, तो जनकाबाईंनी वर धरला आणि दुसऱ्या हातानं लेकीचं डोकं मांडीवर घेतलं. भाऊरावांनी आपलं उपरणं त्यांच्या खांद्यावर टाकलं. गाडी निघाली. आता भाऊराव प्रत्येक खड्डा दुरूनच हेरून चुकवत होते. प्रवासी झोपलेले असताना रात्रीची एसटी अशीच चालवावी लागते.

सुलतानपूर आलं तेव्हा दिवस बुडायला टेकला होता. भाऊरावांचा मोडलेला पाय केव्हाच बधिर होऊन लाकूड झाला होता. घरासमोर गाडी उभी केली. इंजिनाचा आवाज थांबला तशी सुवर्णा कण्हली, हलली.

"चालू करा," जनकाबाई कुजबुजल्या. "उठीन पोरगी."

"तुले पडाचं हाय ना. थंडीनं कापून राह्यली तू."

"पडीन मंग. तिले झोपू द्या. एक चक्कर मारा."

त्यांनी लोणारच्या रस्त्याला एक चक्कर मारली. परत येऊन आरशात पाहिलं. जनकाबाईंचे ओठ निळसर झाले होते, पण बोटं लेकीच्या केसांतून फिरत होती. त्या नुसतं "अजून एक" म्हणाल्या. भाऊरावांना वाटलं, पाय सोडवून घ्यावा, जरा उतरून उभं राहावं. पण दार उघडलं की दिवा लागतो आणि टुंग टुंग वाजतं. ते उतरले नाहीत. पुढे वाकून त्यांनी गाडीतली हवा गरम केली, तिचा झोत मागे वळवला आणि पुन्हा निघाले.

तिसऱ्यांदा घर जवळ आलं तेव्हा मागून आवाज आला नाही. भाऊरावांनी धास्तावून आरशात पाहिलं. जनकाबाईंची मान मागे टेकली होती आणि त्या बारीक घोरत होत्या. थरथर थांबली होती. सुवर्णा त्यांच्या मांडीवर तोंड उघडं टाकून झोपली होती, लहानपणी एसटीत झोपायची तशी. वर्षभरात दोघी एका वेळी झोपलेल्या त्यांनी पाहिल्या नव्हत्या.

आता चक्कर मारा म्हणायलाही कुणी जागं नव्हतं. गल्लीतल्या दिव्याचा उजेड दिसला, ओट्यावरून उकंडराव काहीतरी विचारत उठले. भाऊरावांनी त्यांना बोटानं गप्प केलं आणि घरावरून गाडी तशीच पुढे काढली.