एकशे तेरावी टेप

"आजी, तू सगळ्या आर्मेनियाचं बोलणं पकडून आणलंस, मग तुझं स्वतःचं कुठे आहे?"

हा प्रश्न आरेवनं विचारला खरा, पण पैज लावली होती तिच्या मैत्रिणींनी. सेदा तर दारातच कुजबुजली होती, "हिंमत असेल तर विचार! तुझी आजी नुसती बघते ना, तरी मला घाम फुटतो."

आजीनं चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाली, "जर्दाळूचा मुरंबा देऊ का मुलींनो?"

झालं! प्रश्न मुरंब्यात बुडाला. पण मला उत्तर ठाऊक होतं, मित्रांनो. मी कपाटावर बसून सगळं ऐकत होतो.

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. दोन मोठी रिळं, एक चामडी पट्टा आणि बोटांनी घासून गुळगुळीत झालेली पाच बटणं. येरेवान शहरातल्या या घरात मी पन्नास वर्षं आहे. आरेवची आजी, म्हणजे मानुशाक, सत्तावीस वर्षांची होती तेव्हा ती काम करायची त्या भाषासंस्थेनं मला तिच्या हाती दिलं. काम एकच: गावोगाव जायचं आणि माणसं आपापल्या बोलीत कशी बोलतात ते साठवून आणायचं.

काय दिवस होते ते! बसच्या टपावर मी, कोंबड्यांच्या टोपलीशेजारी मी, मानुशाकच्या मांडीवर मी. अराक्स नदीकाठच्या गावांत बोलण्याला इराणचा वास यायचा. उत्तरेच्या डोंगरांत म्हाताऱ्या लाडात आल्या की जॉर्जियन शब्द पेरायच्या. येरेवानमध्ये निम्मं स्वयंपाकघर रशियन, तर सीरियातल्या अलेप्पोहून परतलेल्या घरांत अरबी आणि तुर्की शब्द भाजीत मिठासारखे मुरलेले. नावापुढे लाडानं 'जान' म्हणायचं मात्र जवळजवळ सगळीकडे सारखं. तोही शब्द इराणकडचाच, पण परत मागायला कुणी आलं नाही!

एकदा अलेप्पोच्या एक बाई आणि त्यांची येरेवानची शेजारीण टोमॅटोच्या नावावरून भांडल्या.

"पामिदोर म्हणे! रशियनांचं उष्टं कशाला खाता?"

"आणि तुमचा बानादुरा काय आभाळातून पडला? तो अरबांचा!"

मानुशाक हसत म्हणाली, "अहो, दोन्ही शब्द इटलीच्या एकाच मळ्यातून निघाले. एक उत्तरेकडून आला, एक दक्षिणेकडून." मग दोघी मिळून तिलाच रागावल्या. ती टेप अजून आहे. क्रमांक एकेचाळीस.

पण सुरुवातीच्या टेपा पार फुकट गेल्या होत्या. का, सांगू? माझा माइक दिसला की माणसं पुस्तकी बोलायला लागायची. पाहुणे आले की सणाचे कपडे घालतात ना, तसं. मेंढ्या वळणारा म्हाताराही रेडिओवर बातम्या दिल्यासारखा बोलायचा.

मग मानुशाकला युक्ती सापडली. आमच्याकडे स्पास नावाचं दह्याचं आणि गव्हाचं सूप करतात. ते उकळेपर्यंत ढवळत राहावं लागतं, हात थांबला की फाटलंच. मानुशाक म्हणायची, "द्या मावशी, मी ढवळते." आणि मध्येच हात थांबवायची! मावशी अशी काही कडाडायची की पुस्तकी भाषा चुलीत. रागावताना कोण व्याकरण बघतं? मानुशाक खुशाल शिव्या खायची आणि मी त्या साठवायचो. आमचं फार कौतुक झालं. लांबून अभ्यासक यायचे आणि माझ्यासमोर कान लावून बसायचे.

एकशे बारा टेपा भरल्या. एकशे तेराव्या टेपेवर मानुशाकनं आपल्याच गावाचं नाव लिहिलं.

ते गाव दक्षिणेच्या डोंगरात आहे. शिकायला येरेवानला आली तेव्हा तिच्या गावच्या बोलीला वर्गात सगळे हसले होते. त्या दिवसापासून ती बोली तिनं तोंडातून काढूनच टाकली. गावी गेलो तेव्हा तिच्याबरोबर संस्थेतले दोघे साहेब होते. तिची आई, सानाम, धावत बाहेर आली. गावच्या बोलीत काहीतरी बोलली. आणि मानुशाकनं, साहेबांसमोर, येरेवानच्या शुद्ध भाषेत उत्तर दिलं, "नमस्कार आई. आपली प्रकृती कशी आहे?"

सानामचे हात हवेतच राहिले.

चुलीवर स्पास होतं. मानुशाकनं डाव घेतला, ढवळलं आणि हात थांबवला. सूप फाटलं. मी रिळं फिरवायच्या तयारीत. सानाम आली, भांड्यात बघितलं आणि मोडक्यातोडक्या पुस्तकी भाषेत म्हणाली, "काही हरकत नाही, बाईसाहेब. आपण पाहुण्या आहात."

मानुशाकनं बोट पुढे केलं आणि मला बंद केलं. त्याच हिवाळ्यात सानाम वारली.

टेप कोरीच राहिली. मानुशाक मुलाशी, म्हणजे आरेवच्या बाबांशीही, कायम शुद्धच बोलली. पुढे खिशात मावणारी यंत्रं आली आणि मी कपाटावर गेलो. चाळीस वर्षं! रिळं फिरवणारा माझा आतला रबरी पट्टा सैल झाला, अंगावर धूळ बसली. पण मला धुळीचं दुःख नव्हतं. माझ्या पोटात सगळ्यांच्या बोली होत्या, फक्त मला उचलून नेणारीचीच नव्हती. ती सत्त्याहत्तर वर्षांची झाली होती आणि तिच्याबरोबर ती बोलीही जाणार होती. त्यात आरेवच्या बाबांनी जाहीर केलं, "रविवारी हे धूड जुन्या बाजारात देऊन टाकतो."

आदल्याच दिवशी, शनिवारी, आरेवनं मला खाली उतरवलं. सैल पट्ट्याच्या जागी तिनं आपल्या केसांतला रबर अडकवला, जांभळा! मला गुदगुल्या झाल्या. मग आजीच्या गावाचं नाव असलेली ती कोरी एकशे तेरावी टेप चढवून मला स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली ठेवलं आणि माइक पुदिन्याच्या जुडीत खोचला.

आजी स्पास करत होती. सूप फाडायची ती जुनी युक्ती आरेवला आजीच्याच गोष्टींतून ठाऊक होती. फोन वाजला.

"आरेव, ढवळत राहा. थांबू नकोस."

आरेवनं बटण दाबलं. रिळं फिरली. आणि तिनं हात थांबवला.

आजी परत आली, भांड्यात बघितलं, आणि...

"आगं ए बये! हात झडलं का तुजं? फाटलं की गं समदं! कुठं ध्यान हाय तुजं, आँ? येवढी घोडी झाली अन् येक भांडं सांभाळंना!"

आरेव हसूही शकली नाही. आजी थबकली होती. ओठांवर हात ठेवून हळूच म्हणाली, "ही तर माझी आई बोलली."

मग तिला माझी घरघर ऐकू आली. ती वाकली. तिचं बोट त्याच बटणावर आलं, तेव्हा गावी आलं होतं तसंच. माझा जीव त्या जांभळ्या रबरात अडकला.

बोट मागे गेलं. आजी टेबलाजवळ जमिनीवरच बसली.

"आये," ती माइकपाशी म्हणाली, "म्या फाडलं गं तुजं सूप. मुद्दाम फाडलं. तू रागावली का न्हाईस? म्या पाव्हणी न्हवते गं आये."

अर्धा तास ती बोलत राहिली. विहिरीबद्दल, डाळिंबांबद्दल, वर्गातल्या त्या हशाबद्दल. रबर टिकला.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, ऊन लागू देऊ नका, हे मी सांगेनच. पण टेप लाख जपली तरी ती उलट उत्तर देत नाही. घरातलं म्हातारं माणूस रागावत असेल तर पळू नका. जरा जवळ जाऊन ऐका.

संध्याकाळी फाटलेलंच सूप सगळ्यांनी त्यात लवाशची पातळ रोटी बुडवून खाल्लं. आरेवचे बाबा मला घालायला खोकं घेऊन आले, तेवढ्यात आरेव खुर्ची मागे सारून उभी राहिली.

"आई, बाबा, ऐका. हा कुठेही जाणार नाही. आणि मीही तुम्ही ठरवलेल्या इंग्रजीच्या शिबिराला जाणार नाही. या सुट्टीत आजी आणि मी तिच्या गावाला जाणार. तिथं ती मला रोज रागावणार, आणि मी तिला तिच्याच बोलीत उलटून बोलायला शिकणार!"