उघडून पाहिल्याशिवाय

“बाहेरून स्कूटर चकाचक आहे हो मिस्त्री, उगाच इंजिन कशाला खोलता?” गिऱ्हाईक कुरकुरलं.

“आवाज येतोय ना? मग आत बिघाड आहे. उघडल्याशिवाय माझ्या बापालाही कळायचं नाही.”

गल्ल्यावर मिस्त्रीची बायको गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून दुमडून बसली होती. दर महिन्याला बसायची. गल्लीच्या टोकावरून इंजिनाची खडखड ओळखणारे ते कान नवरा घरात शिरताना बहुधा खुंटीला टांगत असावा.

सासूने निदान केव्हाच करून टाकलं होतं. “आम्हाला काय पाळी येत नव्हती? लाडावलेली आहे. पोर झालं की थांबेल.” पोर होत नव्हतं, तो गुन्हाही सुनेचाच. त्यात पहिल्या डॉक्टरने सोनोग्राफी पाहून ‘सगळं नॉर्मल’ म्हटलं आणि मायलेकांना जणू डॉक्टरकीची पदवीच मिळाली.

काल नव्या डॉक्टरीणबाईंनी मात्र विचारलं, शौचाला बसतानाही कळ येते का? हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

“एंडोमेट्रिओसिस वाटतोय. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो, दर पाळीला सुजतो, आतले अवयव एकमेकांना चिकटवतो. का होतो ते पक्कं कुणालाच माहीत नाही, पण चूक तुमची नाही. सोनोग्राफीत दरवेळी दिसतोच असं नाही. आजवर घेतलेल्या गोळ्यांनी तुमचं भागलं नाही, तेव्हा आता दुर्बिणीने आत पाहू. सापडलं तर तिथल्या तिथे काढू.”

गिऱ्हाईक गेल्यावर तिने हे सांगितलं. मिस्त्री हात पुसत म्हणाला, “रिपोर्ट स्वच्छ असताना पोट फाडून घ्यायचं? खुळी का तू?”

“आवाज येतोय. उघडल्याशिवाय कळायचं नाही.”

“तू काय स्कूटर आहेस?”

“नाही ना. स्कूटर असते तर केव्हाच उघडली असतीत.”

ती एकटीच दवाखान्यात गेली. ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही स्वतःच केली.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मिस्त्री उगवला. डॉक्टरीणबाईंनी त्याला सरळ सांगितलं, अंडाशय आतड्याला चिकटलं होतं. सोडवलंय, पण परत होऊ शकतं, औषध चालू ठेवावं लागेल.

त्या गेल्यावर तो म्हणाला, “एवढं होतं तर आधी सांगायचंस.”

खाटेजवळच्या स्टुलावर तिची कपड्यांची पिशवी होती. ‘पिशवी उचलून बसा’ असं बायको म्हणेल, याची वाट पाहत तो उभा राहिला.

टाके सांभाळत तिने भिंतीकडे कूस बदलली.