झोपमोड

जॉर्जिनानं कंदिलाची वात वर केली, गजराच्या घड्याळात पाहिलं आणि कॅलेंडरातल्या चौकोनात पेन्सिलीनं लिहिलं, पावणेएक. खांद्यावर तीन महिन्यांची लेक घसा ताणून रडत होती.

पोर कधी उठते ते आठ दिवस लिहून आणा, असं ठाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. परवा सव्वाअकरा, काल बारा, आज पावणेएक. मध्ये काही दिवस बरे जात, मग पुन्हा तेच. एकदा उठली की पहाटेपर्यंत कुणाच्या डोळ्याला डोळा लागू द्यायची नाही.

"आन इकडं," सिल्वेस्टर बाजेवरून उठत म्हणाला.

"तू नीज. सकाळची पाळी हाय."

"ह्या रडण्यात कोन निजतंय?"

पोर झाली त्याच महिन्यात त्यानं मासेमारीची जाळी चुलतभावाला देऊन टाकली होती आणि कोलशेतला खाडीच्या अंगाला निघालेल्या नव्या कारखान्यात तो लागला होता. गेल्या आठवड्यात यंत्रापाशी उभ्या उभ्या त्याचा डोळा लागला. मुकादम एवढंच म्हणाला, "पुन्हा झोपलास तर मग घरीच झोप."

सकाळी सिल्वेस्टर कामावर गेल्यावर सासूनं, कॉन्स्टन्सबायनं, चुलीपुढून हाक मारली.

"मुगाएवढी अफू. सिलूला तेवढी चाटवून मी मासळी विकाया जायची. मेला काय तो? घोडा झालाय."

"डॉक्टर नको म्हनाले, आई."

"डॉक्टराची नोकरी जाते काय? आज रातीला देनार मी."

जॉर्जिनानं पोरीला छातीशी घट्ट धरलं. "आजची एक रात थांबा. मी बसते जागी. उद्या काय ते करा."

म्हातारीनं लाकूड आत सारलं. "एकच रात."

त्या रात्री जॉर्जिना आडवी झालीच नाही. पाळण्याची दोरी हातात धरून भिंतीला टेकून बसली. पोर मूठ गालाखाली घेऊन गाढ झोपली होती. बारा झाले, एक झाला. पोर हलली नाही.

दीडच्या सुमाराला सिल्वेस्टर उठून बसला.

डोळे मिटलेलेच होते. दोन्ही पाय त्यानं जमिनीला लावले, मान खाडीच्या दिशेला वळवली आणि काही ऐकत असल्यासारखा थांबला. मग हात लांब करून कोपऱ्यातली भिंत चाचपली. तिथं टांगलेली जाळी आता नव्हती. तो तसाच मागे पडला. बाज करकरली, पोर दचकली आणि तिनं टाहो फोडला.

तेव्हा कुठं त्याचे डोळे उघडले.

"उठली काय कार्टी?"

"उठली," जॉर्जिना म्हणाली.

ती वसईकडच्या बागाईतदाराची मुलगी. तिला ठाऊक असलेलं पाणी विहिरीचं, कधी पाहावं तरी जागच्या जागी असलेलं. पोरीला थोपटत ती उजाडेपर्यंत कॅलेंडराकडे पाहत राहिली.

सकाळी तिनं नवऱ्यापुढे चहा ठेवला. म्हातारी चुलीशी फुंकणी घेऊन बसली होती.

"आज रातीला भरती किती वाजता रं?" जॉर्जिनानं विचारलं.

"सव्वादोनला," तो बशीत चहा ओतत म्हणाला.

तीन महिने त्यानं खाडीत पाय घातला नव्हता. बशी तोंडाजवळ नेता नेता त्याचा हात थांबला.

"तुला कशाला गो?"

"काल दीडला होती ना? परवा पावणेएकला? काल तू भरतीलाच झोपेत उठून बसलास, बाज वाजली नि पोर उठली."

बशी खाली ठेवून तो आपल्या तळहाताकडे पाहत बसला. फुंकणीचा आवाज कधीच थांबला होता. म्हातारी लेकाकडे पाहत होती. तिचा नवराही आजारपणात, अंथरुणाला खिळलेला असताना, रात्री-अपरात्री असाच उठून बसायचा. तेव्हा घरात पाळणा नव्हता, म्हणून कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं.

कॉन्स्टन्सबाय उठली. लुगड्याला हात पुसून तिनं दोन्ही हात पुढे केले.

"आन ती पोर इकडं. तू जरा आडवी हो."

पोरीला घेऊन ती दारापर्यंत गेली आणि मागे न बघता म्हणाली,

"सिलू, आजपासून तू पडवीत नीज. तिथनं पानी पडल्या पडल्या ऐकू येतं."