दगडाचा दोरा

उन्हाळ्यात सुरमई खोल जाते. मोठ्या बोटींवर गळ खाली न्यायला यंत्रं असतात, हुसेनभाईंकडे दगड होता. मूळचे हर्णैचे हुसेनभाई तीस वर्षं ओमानमधल्या रुवीत शिवणकाम करत होते. शुक्रवारी सकाळी ओळखीच्या ओमानी माणसाची लहानशी फायबरची होडी घेऊन ते सीबच्या किनाऱ्यावरून निघायचे. सोबतीला रुवीजवळच्या दार्सैतचा जनार्दन, त्यांचं जुनं गिऱ्हाईक. त्यांची युक्ती अगदी साधी. गळाच्या दोरीला दगड बांधायचा, पण दुकानातल्या शिवणाच्या दोऱ्याने. मासा लागला किंवा दगड तळाशी अडकला, की दोरा तुटतो, दगड जातो आणि दोरी मोकळी होते.

दर खेपेला एक चांगला गोल दगड समुद्रात जातो, हे जनार्दनला बघवत नसे. ऑफिसात स्टेपलरच्या पिनासुद्धा जपून वापरणारा माणूस तो! त्या शुक्रवारी हुसेनभाई इंजिनाशी खटपट करत होते, तेवढ्यात याला शहाणपण सुचलं. दोरा काढून त्याने जाड नायलॉनने दगड करकचून आवळला, वर चार गाठी मारल्या. मासा हातात आला की सांगू, म्हणून गप्प बसला.

किनारा धूसर झाला. जनार्दनने दगड पाण्यात सोडला. हुसेनभाईंनी डाव्या हाताने इंजिनाचा दांडा धरला आणि उजव्या पंजाला दोरीचे दोन वेढे घेतले.

"असं धरायला भीती नाही वाटत?" जनार्दनने विचारलं.

"दोरा हाय ना," हुसेनभाई म्हणाले.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण आता सांगितलं तर हसतील, चिडतील, सगळी दोरी परत वर ओढावी लागेल, असा विचार करत तो पाण्याकडे बघत राहिला.

तळाशी दगड अडकला. दोरी ताठ झाली आणि हुसेनभाई छातीवर आपटून होडीच्या काठावर आडवे झाले. दांडा सुटला. होडी कलली, आत पाणी आलं. काय झालंय हे त्या होडीत एकट्या जनार्दनला कळलं होतं.

"इंजिन बंद करा. लाल बटण," हुसेनभाई दात आवळून म्हणाले.

त्याने बटण दाबलं. होडी थांबली, पण लाटा थोड्याच थांबणार! प्रत्येक लाट होडी वर उचलायची आणि दोरी पंजात आणखी रुतायची. बोटं काळीनिळी पडली होती. याच बोटांनी जनार्दनच्या लेकीच्या लग्नातले ब्लाउज शिवले होते.

"सुरी. डब्याखाली."

सुरी सापडली. जनार्दनला पोहता येत नव्हतं. जीव मुठीत धरून तो काठावर पालथा पडला, डोकं पाण्यावर. सुरी घसरली तर दोरीऐवजी मनगट कापलं जाईल, या धास्तीने त्याला नीट दिसेना. दोन लाटा तोंडावर आल्या. तिसरीच्या आत दोरी तुटली आणि दोघेही होडीत मागे कोसळले.

हुसेनभाईंनी हात टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतला.

"दुखतंय?"

"काय नाय. जरा मुंग्या आल्या. जाईल." मग ते हळूच म्हणाले, "दोरा मीच बांधलेला, भाऊ. तुटला कसा नाय? नजर गेली माझी, जाडा दोरा घेतला असंल. आज तुमच्या हातात दोरी असती, तर तुमच्या घरी काय तोंड दाखवलं असतं मी? खलास. आता दर्यावर यायचं नाय."

जनार्दन गप्प राहिला असता तर कुणाला कधीच कळलं नसतं. मघाशी पाण्याची वाटली नव्हती एवढी भीती त्याला आता वाटली.

"दोरा मी काढला, हुसेनभाई. नायलॉन मी बांधलं. दगड वाचावा म्हणून."

हुसेनभाईंनी त्याच्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. त्यांनी टॉवेल सोडला आणि हात त्याच्यापुढे धरला. अंगठा हलला, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट हललं.

"अंगठ्यासंगं सुई धरतात ती दोन बोटं," ते म्हणाले. "मघापासनं हलवतोय. हलत नायत."