उकडीचा मुखवटा

आश्विनातलं ऊन कोकणात हळदीच्या पावलांनी उतरतं. खाडीकाठची भातखाचरं पिवळी होतात, पिवळ्याची सोनेरी होतात, लोंब्या आपल्याच भारानं लवतात. आभाळ असं निर्मळ, असं नीलवर्ण, की त्याच्याकडे बघून वाटावं, या जगात कुणाचं काही दुखतच नाही. हे ऊन फार खोटं बोलतं.

त्या सुवर्णपीत उन्हात शरयू रोज कोपरावर भार देऊन उठायची. तळवा टेकून उठणं सुटलं त्याला अकरा वर्षं झाली होती. संधिवात आधी पाहुण्यासारखा आला, एका करंगळीत बसला. मग घर त्याचंच झालं. मनगटं सुजली, बोटं एकेक करून कलली, आणि नमस्काराला हात जोडले तरी तळव्याला तळवा टेकेनासा झाला. मधे बदामाएवढी फट राहायची.

तरी तिनं जगायची एक रीत शोधली होती. दहा बोटं, दहा नावं. पहाटे अंथरुणातच ती एकेका बोटाला देवीचं एकेक नाव द्यायची आणि ते बोट उघडायची. अंबा म्हणून अंगठा. भवानी म्हणून तर्जनी. शांता, दुर्गा, चंडिका. दहावं नाव येईतो अर्धा तास जाई, डोळ्यांना धारा लागत, पण मुठी उघडत. दिवसाचे तुकडे करायचे आणि एका वेळी एकच तुकडा सोसायचा, एवढंच तिला ठाऊक होतं.

आणि वर्षातला एक दिवस तिचा होता. अष्टमीचा. त्या दिवशी घरातल्या नव्या सुना महालक्ष्मी पूजतात, आणि देवीचा मुखवटा तांदळाच्या उकडीचा करतात. एकोणीस वर्षं तो मुखवटा शरयूच्या हातून उतरत होता. कढत, शुभ्र, वाफाळती उकड परातीत पडली की तिची धग सांध्यांत शिरे, बोटं सैलावत, घटकाभर तरुण होत. त्या घटकेत ती देवीचं नाक काढी, ओठ काढी, गालाला गोलाई देई. दुखण्यानं तिच्याकडून वेणी नेली, सुई नेली, दाराची कडी नेली. हा मुखवटा तेवढा उरला होता, आणि तो आहे तोवर आपण आहोत, असं तिला वाटे.

यंदा पितृपक्षातच नमूआत्यांनी, तिच्या आतेसासूबाईंनी, विषय काढला. "शरयू, यंदा विनयाला करू दे हो मुखवटा. तुझ्या हातांचा काही भरवसा नाही."

विनया म्हणजे तिची धाकटी जाऊ. शेवग्याच्या शेंगेसारखी सरळ बोटं.

"मी करीन," शरयू म्हणाली. आणि घटस्थापनेला तिनं गोळ्यांची डबी देव्हाऱ्यात समईमागे नेऊन ठेवली. नऊ दिवस गोळी नाही. तुझ्या कामाला तूच बळ दे, असं देवीला म्हणाली. एक दिवसही खाडा करू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण डॉक्टर तो डॉक्टर आणि देवी ती देवी. देवीनं हे मागितलं नव्हतं. हिनं आपणहून दिलं, आणि देवीनं ते ठेवून घेतलं.

तिसऱ्या दिवशी गुडघे तापले. पाचव्या दिवशी मनगटं तट्ट फुगली, कांतिमान, तांबूस, हात लावू न देणारी. तिला वाटलं, परीक्षा आहे. ती नावं मोठ्यानं म्हणू लागली. अष्टमीच्या पहाटे सहाव्या नावाला बोट उघडलं नाही. ती ते नाव पुन्हा म्हणाली. मग पुन्हा. मग पदराखाली हात झाकून माजघरात आली.

दुपारी सोवळ्यात उकड उतरली. परातीतून वाफ उठली, सुगंधी, दुग्धधवल. शरयूनं दोन्ही हात त्या धगीत घातले आणि जन्मात पहिल्यांदा धग तिच्यावर उलटली. सुजलेल्या सांध्यांना ती निखाऱ्यासारखी झोंबली. तिनं ओठ चावला. अंबा, भवानी, शांता. नाक एकीकडे गेलं. डावा गाल खचला. ओठ काढायला गेली तर ते रडताना मुडपतात तसे मुडपले. ती पुन्हा लिंपत राहिली, आणि प्रत्येक लिंपणाबरोबर देवीचं तोंड अधिकाधिक वेडंवाकडं, अधिकाधिक तिच्या स्वतःच्या तोंडासारखं होत गेलं.

"अगो बाई, ही काय देवी म्हणायची?" नमूआत्या म्हणाल्या. "हिच्यासमोर नव्या सुनांनी माथा टेकायचा? मोड ती. उकड निवत्ये."

विनयाच्या मनात वाईट नव्हतं. तेच अधिक लागलं. "ताई, तुम्ही बसा हं. मी करते. परात तेवढी धरा, हलत्ये."

शरयूनं कोपरांनी परात दाबून धरली. विनयानं अंगठा देवीच्या कपाळावर ठेवला आणि दाबला. डोळे गेले, नाक गेलं, रडके ओठ गेले. गोळा झाला. पाव तासात त्या गोळ्यातून नवं मुख उमललं; सरळ नाक, भरले गाल, स्मितमधुर ओठ. काजळ लागलं, नथ चढली, कुंकू रेखलं.

"हे बघ! यंदा देवी कशी प्रसन्न हसत्ये," नमूआत्या म्हणाल्या. कुणी शरयूकडे बघितलं नाही, म्हणजे सगळ्यांनी बघितलं.

सांजवेळी समया लागल्या. हळदुली वस्त्रं ल्यालेल्या नव्या सुना एकेक करून वाकल्या, उठल्या, हसल्या. समईमागे गोळ्यांची डबी तशीच होती. शरयूनं ती काढायला हात नेला; झाकण तिला उघडेना. उघडून दे, असं कुणाला म्हणावं, तेही तिला सुचेना.

शेवटी ती उभी राहिली. पहिलं नाव घेतलं, दुसरं घेतलं, आणि थांबली. नावं संपली नव्हती. बोटंच ऐकत नव्हती.

तिनं हात जोडले. तळव्याला तळवा टेकला नाही. मधे फट राहिली, यंदा मुठीएवढी. आणि त्या फटीतून, दुसरीच्या बोटांनी घडलेली, उजळ, सरळ, सुंदर देवी तिच्याकडे बघत हसत होती, हसत होती, नुसती हसत होती.