दुसरी हाक

मित्रांनो, माझ्या पोटात एक आजी राहते. घाबरू नका, मी साधी कॅसेट आहे, जुनी, पिवळी पडलेली. पॅसिफिक महासागरातल्या एका लहानशा बेटावर लेईवा आजी तिच्या भाषेत गोष्ट सांगत होती आणि एक संशोधक ती माझ्यात भरून घेत होता. गोष्ट संपली. तो चहा प्यायला उठला आणि मला बंद करायचंच विसरला. तेव्हा आजीने समुद्राकडे तोंड करून, दूर गेलेल्या नातीला हाक मारली, "सिना..."

त्या बेटावर मेलेलं माणूस न्यायला येतं तेव्हा एकदाच हाक मारतं, जिवंत माणूस दोनदा. म्हणून पहिल्या हाकेला तिथे कुणी ओ देत नाही.

पुढे काही दिवस माझं फार कौतुक झालं, मग अमेरिकेत एका खोक्यात मी वर्षानुवर्षं धूळ खात पडले. आता इथे, अमेरिकेतल्याच कॅरी गावातल्या एका ध्वनिसंग्रहात, आश्लेषा माझा आवाज आणि त्याचं लिखाण जोडते. ओळीवर क्लिक केलं की तीच ओळ ऐकू यायला हवी.

सिना आता इथेच राहते. आजी गेली तेव्हा तिला पोचता आलं नव्हतं. आवाज ऐकायला ती हौसेने आली, पण आधी लिखाणाचा कागद वाचला आणि पांढरीफटक पडली. कागदावर हाक एकच होती.

"एकच हाक! म्हणजे ती मला न्यायला आली आहे. पुसून टाका हे," म्हणाली आणि गेली.

घरच्यांनी नको म्हटलं की आवाज पुसायचा, असा इथला नियम. माझा जीव टांगणीला लागला. बटण दाबल्याशिवाय मला बोलता कुठे येतं?

पुसण्याआधी कॅसेट हीच ना, हे बघायला आश्लेषाने शेवटची ओळ लावली. हाक आली. मग बराच वेळ नुसती खरखर. ती हेडफोन काढणार, तोच पुन्हा हाक आली. लिखाण उतरवणाऱ्या निमिषला तिने बोलावलं.

"निमिष, हाक दोनदा आहे रे. ट्रान्सक्रिप्टमध्ये एकच कशी?"

"रिपीट वाटली यार, म्हणून मीच डिलीट केली."

आश्लेषाने लगेच फोन केला. सिना आली, पण दाराशीच थांबली. मी फिरू लागले. पहिली हाक झाली. सिना गप्प. खरखर. मग दुसरी.

"आले गं आजी," सिना रडत म्हणाली.

"किती उशीर केलास," आजी म्हणाली.

ही ओळ कुठल्याच कागदावर नव्हती. खरं सांगू, माझ्यातही नव्हती. म्हणून विनवते मित्रांनो, जुन्या आवाजातलं काही जास्तीचं वाटलं तरी कापू नका. कुणीतरी ओ ऐकायला थांबलेलं असतं.